खांबावरची काच

श्रावणातला सोमवार, संध्याकाळ

काच तडकली. पार्किंगमधल्या खांबाच्या भेगेवर गवंड्याने सिमेंट लावून काचेची पट्टी चिकटवली होती. ही फुटली तर भेग वाढतेय समजा, म्हणाला होता. दोनदा खाली जाऊन बोट फिरवून आले. फुटलीच आहे.

सोसायटीचे अध्यक्ष परबकाका, त्यांना नेऊन दाखवली. म्हणाले, "चवथीक सगळे गावाक येतले गो, तेवा मिटिंग घेवया. आता हयसर कोण आसा?"

खरंच, कोण आहे? निम्मे फ्लॅट बंद. मालकांना मुंबईला फोन केले तर म्हणतात, सेक्रेटरी तुम्ही, तुम्हीच बघा. इमारत सगळ्यांची आणि खांब माझ्या एकटीचा?

तरी मी काकांना 'बरं' म्हटलं. का म्हटलं?

चवथीला सगळे फ्लॅट उघडणार, माणसांनी भरणार. त्या खांबाच्या बरोबर वर काकांचाच हॉल. त्यांच्या गणपतीपुढे आम्ही बायका दरवर्षी फुगड्या घालतो. गेल्या वर्षी पायांखालची लादी थरथरली, तेव्हा आम्ही हसत सुटलो होतो.