मशीन का पलटली

१२ सप्टेंबर २०२४

आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, डावा डोळा गेला. आज पट्टी काढली. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि नुसती मान हलवली.

नागपूरहून येताना एसटीत प्रविण माझ्या शेजारी बसला नाही. नवरा माझा — पण पुढच्या सीटवर जाऊन बसला. दिघोरीला घरी आल्यावर एवढंच बोलला, "तुले कायची घाई होती, रीता?"

घाई! मी घाई केलीच नव्हती.

१३ सप्टेंबर

पुन्हा पुन्हा तेच दिसतं. गावातल्या गुलाबभाऊंच्या धानावर तुडतुड्यांसाठी फवारणी होती. फवारणीचं ड्रोन धुऱ्यावर, बांधावर ठेवलं. धुरा एका बाजूला उतरता, पण दुसरी कोरडी जागाच नव्हती. आईंनी टाकीत औषध भरलं, बाजूला झाल्या. कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये आम्हा बायकांना शिकवलं होतं, मी तसंच केलं — हळूहळू उचला, झटका देऊ नका. नाहीच दिला झटका. मशीन जमिनीवरून सुटली आणि एकदम कलंडली. पातं चिखलात तुटलं, तुकडा उडाला. आईंनी दोन्ही हात तोंडावर घेतले.

गावात बोलणं चालू आहे — "बाईच्या हातात कायले देता मशीन?"

१४ सप्टेंबर

आई जेवल्या नाहीत. मी वाढलं म्हणून.

१५ सप्टेंबर

प्रविण तुमसरला गेला, राइस मिलमध्ये, कामावर. मी लॅपटॉप ड्रोनला जोडला आणि कंट्रोलरची सेटिंग एकेक करून वाचायला बसले. बीएस्सी झाल्यावर असं डोकं कधी लावलं नव्हतं.

मशीन तिरपी असली की कंट्रोलर तिला सरळ करायला एका बाजूच्या मोटारींना जोर देतो. तरी सरळ झाली नाही तर मागचा जोर धरून ठेवतो आणि त्यात भर घालतो. हा इंटिग्रल. हवेत, वाऱ्यात, हे बरोबरच. पण पाय जमिनीवर टेकलेले असताना ती सरळ होणार कशी? हा आपला साठवतच जातो. त्याला वाइंडअप म्हणतात. मग मशीन सुटली की साठलेला सगळा जोर एकदम!

ते होऊ नये म्हणून दोन सेटिंग असतात. साठ्याला मर्यादा घालायची, आणि जमिनीवर असेपर्यंत साठा शून्य ठेवायचा. आमच्या मशीनमध्ये मर्यादा भलतीच मोठी. आणि दुसरं — बंद!

उरलेली पाती काढली. धुऱ्यावरच्यासारखी तिरपी व्हावी म्हणून एका पायाखाली वीट ठेवली, मोटारी सुरू केल्या. मशीन जागची हलली नाही, पण स्क्रीनवरचा साठ्याचा आकडा चढत गेला, चढतच गेला. म्हणजे मी जितकं हळू उचललं, तितका जोर साठला.

चूक माझ्या हाताची नव्हती! अंगणातच बसून रडले.

१६ सप्टेंबर

कंपनीच्या टेक्निशियनला फोन केला. "मॅडम, सेटिंगमध्ये हात घालू नका. सगळ्या मशीनमध्ये हीच फाइल टाकली आहे. तक्रार फक्त तुमची." भांडले त्याच्याशी. पण आतून हलकं वाटत होतं.

प्रविण आल्यावर त्यालाही वीट ठेवून दाखवलं. आकडा चढताना पाहिला. मग म्हणाला, "उद्या सगळ्यायले सांगतो म्या."

१७ सप्टेंबर

गुलाबभाऊ येऊन पाहून गेले. "मशीनचीच खोड होती म्हणाचं," बोलले. आज कितीतरी दिवसांनी घरात माणसं बसली, दोनदा चहा झाला.

१८ सप्टेंबर

आईंना दाखवायचं राहिलं होतं. त्यांनी मशीनकडे पाहिलंच नाही.

"तुयी चूक नाही, हे मले त्याच दिवशी मालूम होतं. तू जपून करतेस."

"मग जेवत काहून नव्हत्या?"

"दुखते ना बाई. घास चावला का डोक्यात कळ जाते."

आणि मी काय समजत होते!

मग त्यांनीच विचारलं, "सगळ्या मशीनीत हेच हाय म्हणतो ना तो? मंग बाकीच्या पोरी?"

मी तशीच उठले.

ट्रेनिंगला सोबत होत्या त्या सगळ्यांना फोन लावले. मशीन उभी ठेवा, उडवू नका — तेच तेच सांगत सुटले. कोणी हसली, कोणी घाबरली. आसगावची हर्षा तेवढी फोन उचलत नाही.

१९ सप्टेंबर

हर्षाच्या नवऱ्याने उचलला. दवाखान्यातून. परवा, सतरा तारखेला, मशीन पलटली. पातं डोक्याला लागलं. अजून डोळे उघडत नाही.

मी सगळं सांगितलं — मर्यादा, बंद असलेलं सेटिंग, सगळं. मग त्याने विचारलं, "ताई, तुमाले हे कधी मालूम झालं?"

मी खरी तारीख सांगितली — पंधरा.