बसण्याची सावड

मळवली, रविवार, १२ जुलै १९३६

तीर्थरूप दादामामांस वेणूचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घालता येणार नाही, कंबर ऐकत नाही. लेखी स्वीकारावा.) मामींचा खोकला कसा आहे? येथील हकीकत आधी क्रमाने देते, कारण मला ती शांतपणे सांगता येत नाही. इंजिनियरसाहेबांच्या कचेरीत नकाशे काढू लागल्यापासून असे प्रथमच होत आहे.

१. मंगळवारी आपल्या बंगल्यातला ध्यानवर्ग संपला व आपण सारे पुण्यास गेलात.
२. शुक्रवारी सकाळी सहाला बयाबाईंनी येऊन माणसे मागितली.
३. माणसे नव्हती. मी गेले. भंतेजीही आले.
४. बयाबाईंच्या चार भातखाचरांपैकी दीड लागले.
५. भंतेजींची एक चप्पल व माझी मोजपट्टी चिखलात आहेत.

आता सविस्तर. भंतेजींची अट आपल्याला ठाऊकच आहे: फी घ्यायची नाही. आधी बसून गेलेल्यांच्या दानावर आपण बसायचे आणि उठताना मनाला येईल ते पुढच्यांसाठी द्यायचे. (पहिल्याच वर्गाच्या आधी कोण बसले होते, असे मी विचारले होते. भंतेजी नुसते हसले. सिलोनची माणसे हसून उत्तर देतात की टाळतात, याचा निर्णय झालेला नाही.) पण पुण्याहून आपण धरून सहाच जण आलात, खोली दहा-अकरांची, आणि भंतेजींचा चेहरा उतरला. म्हणून मी ओढ्यापलीकडे बयाबाईंकडे गेले. म्हटले, आमच्याकडे माणसे कमी पडताहेत. दहा दिवस याल का? जेवण आमचे, मजुरी नाही. त्यांनी एवढेच विचारले, "काम काय?" मी म्हटले, "बसायचं." दोघी जावा आणि सासू घेऊन त्या आल्या.

त्या चौघी कशा बसल्या ते आपण पाहिलेत. ताठ आणि गप्प. सातव्या दिवशी आपण घोरलात तेव्हा सासूबाईंची पापणीसुद्धा हलली नाही. शेवटी पुण्याच्या मंडळींनी पेटीत दान टाकले. त्या चौघी पेटीकडे न बघता नमस्कार करून गेल्या. "फुकट जेवून गेल्या," असे आपण टांग्यात चढताना म्हणालात.

शुक्रवारी बयाबाई दारात उभ्या. डोक्यावर इरलं, काखेत आणखी दोन. "चला. मानसं कुटं हायती?"

मी विचारले, कसली माणसे?

"आगं बाई, तुमचं बसायचं काम आमी चौगींनी उरकून दिलं न्हवं? आता आमचं भात लावायचं. सावड हाय ती! रोप काय तुमच्या पुन्यावाल्यांसाटी थांबतंय व्हय?"

मामा, तेव्हा मला कळले. माणसे बोलवायची, जेवू घालायचे, मजुरी द्यायची नाही, याला मावळात एकच नाव आहे: आज मी तुझ्या कामाला, उद्या तू माझ्या. हे मी स्वतःच्या तोंडाने, एकही शब्द न चुकता, ठरवून आले होते. बयाबाईंच्या यजमानांचा हात मोडलेला. ते दहा दिवस त्या दुसऱ्या कोणाच्या कामाला गेल्या असत्या, तर आज ती माणसे त्यांच्या बांधावर असती. त्यांनी ते आपल्याला दिले. पुढचा आठवडा सरला की रोप जून होईल आणि मग लावून उपयोग नाही.

शेतात पहिला प्रश्न भंतेजींचा. भिक्षूंच्या नियमाने त्यांना माती खणता येत नाही, रोप उपटता येत नाही. "मग आनलं कशाला ह्यास्नी?" बयाबाई म्हणाल्या. मी त्यांच्या हातात दोरीचे एक टोक दिले, दुसरे खुंटीला बांधले आणि सहा-सहा इंचांवर रोपे लावू लागले. धाकटी जाऊ कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "ताई, हितनं आगगाडी जायची हाय का?" दुपारपर्यंत त्यांचे एक खाचर लागले, माझ्या अकरा ओळी. (सरळ आहेत.)

मग पट्टी बुडाली आणि मी दोरी सोडली. तीन काड्या, अंगठा, चिखल, एक पाऊल मागे. तीन तास माझ्या डोक्यात दुसरे काही आले नाही! वर्गात माझा उच्चांक चार मिनिटांचा होता, घड्याळाप्रमाणे. हे मी बांधावर धावत जाऊन भंतेजींना सांगितले. ते म्हणाले, "चार मिनिटे ध्यान करताना घड्याळ कोण पाहत होते?" म्हणजे तो उच्चांकही गेला, आणि तरी मी आनंदात आहे. मामींना हे वाचून दाखवू नये, दृष्ट काढायला सांगतील.

आपली भाची,
वेणू

ता. क. बयाबाई विचारत होत्या, पुन्हा कधी बसायचे आहे? भात कापून झाले की त्या नऊ जणी आणणार आहेत. तेव्हा बंगल्याला कुलूप लावण्याचा बेत आपण तूर्त लांबवावा.

ता. क. दुसरा. अडीच खाचरे राहिली आहेत. शनिवारी पहिल्या गाडीने आपण व पुण्याचे बाकीचे पाच जण यावेत. आपला सातवा दिवस बयाबाईंनी कामाचाच धरला आहे, घोरण्यासकट. धोतर जुने आणावे.

ता. क. तिसरा. "फुकट जेवून गेल्या" हे वाक्य मी वर आपल्या नावावर लिहिले. नेमके सांगायचे तर आपण म्हणालात आणि मी मान डोलावली. हे बयाबाईंना माहीत नाही. शनिवारी किती माणसे येणार, एवढे मला त्यांना सांगायचे आहे. बुधवार संध्याकाळपर्यंत उत्तर पाठवावे.