पहिलं कार्ड मी एकटीनं लिहिलं

मंगळवार, १२ नोव्हेंबर २००२

आधी चूक दुरुस्त करते. मार्चच्या वहीत लिहिलं आहे की तिकडून घरी पाठवलेली चारही पोस्टकार्डं नवरा म्हणवणाऱ्या त्या माणसानं समोर उभं राहून माझ्याकडून लिहून घेतली. पोलिसांच्या जबाबात तेच आहे. गावोगावच्या भाषणांत तेच सांगते. ते खरं नाही. दुसरं, तिसरं, चौथं तशी लिहिली. पहिलं नाही. पहिल्याच्या वेळी घरात कोणी नव्हतं. दुपार होती. चुलीपाशी बसून एकटीनं लिहिलं.

आज एवढंच. हात दुखतो म्हणून थांबते असं लिहिणार होते. तेही खरं नाही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

समन्स आलं. बुधवार, ११ डिसेंबर, जालना कोर्ट. पाच वर्षं नुसत्या तारखा पडल्या, आता साक्ष. जिजामावशीवरचा खटला. मावशी म्हणायची सवय जात नाही. मायची लांबची बहीण, सोयरिकी जमवायची. माझीही तिनंच जमवली. इथून पुढं नुसतं जि. लिहीन.

माझ्यानंतर गयाबाईची साक्ष. तिच्या कांताला जि.नं माझ्यानंतर चार महिन्यांनी तशीच लग्न लावून पाठवली. मी परत आले. कांताचा पत्ता नाही. मी तिला कधी पाहिलेलं नाही.

मी काम करते त्या संस्थेच्या सुमनताई म्हणाल्या, "शोभा, जबाब दोनदा वाच. जसं दिलंयस तसंच सांगायचं, काना-मात्रा बदलायचा नाही." बरं म्हणाले. ऑफिसखालच्या दुकानातून बियाण्याच्या औषधाचा वास वर येत होता, दिवसभर डोकं जड.

रविवार, १७ नोव्हेंबर

सुट्टी. कपडे धुतले. जबाब वाचला. बाकी सगळं बरोबर आहे, म्हणून जास्त त्रास होतो.

जबाबात नाही ते इथं लिहून ठेवते. शाळा नदीपलीकडं, माय दम्याची, मी थोरली. आठ वर्षांची होईपर्यंत अण्णांनीच घरी शिकवलं. ते सातवी पास. रानातून आले की हातपाय धुऊन पाटी घ्यायचे. अक्षरं झाल्यावर पत्रं. दर आठवड्याला मामाला एक कार्ड: तीर्थरूप मामांस शि. सा. न. वि. वि., येथील सर्व क्षेम. आधी पाटीवर, ओळ सरळ आली तरच कार्डावर. अण्णांचे नियम दोन. कार्ड उघडं असतं, पोस्टमन वाचतो, शेजारी वाचतात, तर त्यात दुःख लिहायचं नाही, ते भेटल्यावर सांगायचं. आणि कोणी वारलं तर कार्डाचा कोपरा फाडून पाठवायचं. म्हणजे घेणाऱ्याला वाचायच्या आधीच कळतं.

सोळाव्या वर्षी जि. स्थळ घेऊन आली. दोन दिवसांच्या गाडीचा मुलूख, पण लग्नाचा सगळा खर्च त्यांचा. शेजारच्या गावात मुलगी द्यायची तर आमच्याकडं चारजण जाऊन घर बघतात, विहीर बघतात, गोठ्यात वाकून येतात. माझ्या वेळी कोणी गेलं नाही. अण्णा म्हणाले, "खर्चा त्यांनी करायचा अन् वर आपण घर तपासायला जायचं, बरं दिसत न्हाई."

नवरा म्हणून होता तो अण्णांपेक्षा मोठा. घरात तो आणि त्याचा भाऊ. पुढचं जबाबात आहे. पुन्हा लिहीत नाही.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

तीर्थपुरीला बचत गटाच्या बायांपुढं बोलले. घसा बसलाय. पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "माइक जरा लांब धर ग बाई, खाऊन टाकशील त्याला." सगळ्या हसल्या. मीही. त्यानं बरं वाटलं.

मग चौथ्या कार्डाची गोष्ट. ती सांगितली की बाया रडतात, शेवटी टाळ्या वाजवतात. तो समोर उभा होता, त्यानं सांगितलेला मजकूर सगळा क्षेम. पेटी गल्लीच्या तोंडाशी, तो चार पावलं मागं. आत टाकता टाकता मी कोपरा फाडला. त्यांच्याकडं ती रीत नाही. इकडं पोस्टमननं कार्ड दारातूनच दिलं आणि निघून गेला. मायनं गळा काढला. अण्णांनी वाचलं तर सगळे खुशाल. मग मेलं कोण? दोनदा वाचलं. तिसऱ्या दिवशी गावातले दोघं सोबत घेऊन शिक्क्यावरच्या गावाचं तिकीट काढलं. अशी मी परत आले.

ताईंनी आज गयाबाईलाही आणलं होतं, चारचौघांत बोलायची सवय व्हावी म्हणून. ती काही बोलली नाही. सभा संपल्यावर माझ्याशेजारी येऊन बसली. साठीची नसेल, पण दिसते.

"कोपरा फाडायचं तुला ठावं होतं."

"हो."

"मंग पहिल्याच कार्डाचा का न्हाई फाडला ग?"

मी म्हणाले, तो उभा होता.

"समोरच?"

"समोरच."

तिनं पाठीवरून हात फिरवला. "लेकरू," म्हणाली.

जबाबातली चूक वेगळी. तेव्हा मी सतरा वर्षांची होते, जमादार घाई करत होता. आज कोणी घाई करत नव्हतं.

रविवार, २४ नोव्हेंबर

गावी. माय बरी, धाप कमी. अण्णा तुरीला पाणी देऊन आले, बाजेवर बसले. मी सांगायला सुरुवात केली, त्यांनी पुरतं ऐकलंच नाही.

"मला ठावं हाय."

"काय ठावं?"

"पहिल्यातलं अक्षर तुझं होतं. सरळ. पुढच्या तिन्हींतलं पळतं. माणूस समोर असला की तू ओळ सोडतीस, लहानपणापासून."

इतकी वर्षं का बोलला नाहीत विचारलं. खाली बघत म्हणाले, "ते पहिलं कार्ड जिजानं पुढच्या सोयरिकीला नेलं न, ते तिनं मागितलं नव्हतं. म्याच दिलं. म्हणलं बघा माझ्या पोरीचं अक्षर, दाखवा चार ठिकाणी. मिरवलं म्या." मग उठून गोठ्यात गेले. बराच वेळ आले नाहीत. आत काही काम नव्हतं.

आम्ही दोघं एकमेकांना सहा वर्षं सांभाळत होतो असं म्हणावं तर ते चांगलं दिसतं. लपवत होतो.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

स्टेशन रोडला रिक्षासाठी उभी होते. मागून आवाज, "शोभे!" जि. जामिनावर आहे हे माहीत होतं. हातात मेथीची जुडी, अंगावर नवी शाल.

"किती बारीक झालीस ग. ते संस्थावाले खाऊ घालत न्हाईत का?"

मी रस्त्याकडं बघत रिक्षा शोधली.

"सगळ्या जिल्ह्यात माझं नाव करून राह्यलीस. कर. पण त्या कांताच्या घरी म्या एक शब्द बोलले न्हाई, बिलकुल न्हाई. तुझं कार्ड ठेवलं पुढ्यात अन् गुमान बसले. लिवलं कोन? जिजानं?"

रिक्षा आली. ती रिक्षावाल्याला म्हणाली, "बराबर सोड रे पोरीला."

ती खोटी आहे. कांताच्या लग्नाचे पैसे तिनं घेतले, हे सिद्ध होईल. पण आज ती बोलली त्यातलं खोटं कुठलं, मला सापडत नाही.

सोमवार, २ डिसेंबर

गयाबाई ऑफिसात आली. केदारखेड्याहून पहिल्या गाडीनं. ताई बँकेत गेलेल्या. चहा नको म्हणाली. ब्लाउजमधून प्लॅस्टिकची पिशवी काढली, त्यात माझं पहिलं कार्ड. इतकी वर्षं तिच्याकडंच होतं. जि.नं ठेवून घ्या म्हटलं होतं, भरवशाला.

"वाच. मला वाचता येत न्हाई. त्या दिवशी कांतानं वाचून दाखवलं होतं, पाचवी झालेली ती."

वाचलं. इथं उतरवते, म्हणजे पुन्हा चूक नको.

"ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि. येथील सर्व क्षेम. माणसे चांगली आहेत. घर पक्के आहे. पाणी घराजवळ आहे, नळ अंगणातच. मायने औषध वेळेवर घ्यावे. माझी काळजी करू नये. आपली, सौ. शोभा."

"हेच," गयाबाई म्हणाली. "पाण्याचं आलं तवा कांता थांबली. परत वाचलं. आमच्याकडं तवा अर्धा कोस होतं पाणी. म्हणली, माय, नळ अंगणात हाय म्हणं." मग कार्ड माझ्या हातात उलटंसुलटं करून म्हणाली, "दाब देऊन लिवून घेतलं न हे? मंग तुझा हात कुठं थरथरला ते दाव मला. कोर्टात इचारलं तर मला दावता आलं पाहिजे. या ठिकाणी, म्हणून."

मी कार्ड बघत राहिले. सात ओळी. एकही वाकडी नाही.

तेवढ्यात ताई आल्या. मी पाणी आणायच्या निमित्तानं मागं गेले. परत आले तेव्हा गयाबाई कार्ड पिशवीत घालत होती. "ऱ्हाऊ दे," म्हणाली, "तुला तरास होतो."

मंगळवार, ३ डिसेंबर

काल लिहायचं राहिलं, तेच मुख्य. पहिलं कार्ड लिहिलं तो तिथला अकरावा दिवस. तो नवरा नाही, ते घर सासर नाही, मला विकत आणलेलं आहे, हे मला कळलं होतं. पाचव्या दिवशीच. त्याच्या भावानं हसत सांगितलं होतं. कळलं नव्हतं असं लिहिलं तर सोपं जाईल, म्हणून मुद्दाम लिहिते: कळलं होतं. कार्ड कोरं होतं, माझ्याच पिशवीत घरून दिलेलं. पेटीत टाकायला शेजारच्या बाईबरोबर गेले, तिनं वाचलं नाही. कोपरा फाडता आला असता. मनात आलंही. मायला दम्याचा झटका येईल असं वाटलं. आणि सासरहून पहिलं कार्ड, अण्णा ते चावडीत दाखवणार, हेही वाटलं. दोन्ही वाटलं. कुठलं जास्त, सांगता येत नाही.

आज ताई आणि आमच्या बाजूचे वकीलसाहेब दोघांना सांगितलं. वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "कोर्टात विचारलं तर खोटं बोलू नका, एवढं मी सांगणार. त्यानं केस पडत नाही. तुम्ही अल्पवयीन होता, कायदा तुमच्या बाजूनं आहे. मला भीती गयाबाईची आहे. तिनं हे ऐकलं आणि बुधवारी आलीच नाही तर कांताचा विषय कोर्टापुढं येतच नाही. दुसरा साक्षीदार आहे कुठं?"

ताई म्हणाल्या, "साक्षी होऊ दे. मग आपण दोघी जाऊ तिच्याकडं. मी असेन ना बरोबर."

शहाणपणाचं आहे. मी हो म्हणाले.

जिना उतरताना लक्षात आलं: बुधवारी माझी साक्ष आधी. दाराबाहेरच्या बाकावर गयाबाई बसलेली असेल. आत मी खरं सांगणार. ती ते शिपायाकडून ऐकणार, नाहीतर जि.च्या वकिलाकडून. नाहीतर जि.कडूनच.

गुरुवार, ५ डिसेंबर

दोन दिवस ताप. ऑफिसला गेले नाही. ताईंनी खिचडी पाठवली, अर्धी गेली. परवाचं भाषण रद्द केलं. टाळ्या नकोशा झाल्यात.

गयाबाईला काय सांगायचं ते तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. प्रत्येक वेळी मध्ये "पण" येतो. पण मी सोळा वर्षांची होते. पण माय आजारी होती. पण नळ खरंच अंगणात होता. हे सगळं खरं आहे आणि तिला त्याचा काही उपयोग नाही. शेवटी उरलं ते दोन वाक्यांत बसतं. तो समोर नव्हता. मी एकटी होते.

ती ओरडेल. किंवा ओरडणार नाही, चहा ठेवेल, ते जास्त अवघड. बुधवारी येणार नाही म्हणाली तर मी आग्रह करायचा का? कांतासाठी या असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? आणि नाही म्हटलं तर कांताचं नाव त्या कोर्टात घेणार कोण? हे ताईंना विचारलं नाही. बरोबरही नेणार नाही. त्या असल्या की गयाबाईला राग गिळावा लागेल.

आठवडाभर ती दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला असते, रविवारी घरी. तिनंच सांगितलं होतं. सव्वासातची भोकरदन गाडी, केदारखेड्याला उतरून पुढं वस्तीपर्यंत पायी.

रविवारी, ८ डिसेंबरला, मी एकटी जाते.