हरेशचे चांगले दिवस

॥ श्री ॥

खालापूर
४ ऑगस्ट २०२४

चि. रुचितास नंदाआत्याचे अ. उ. आ. वि. वि.

फोन सोडून पत्र आलं म्हणून दचकशील. घरी सर्व क्षेम आहे असं लिहायला बसले होते, पण चौतीस वर्षं शाळेत पोरांना खरं लिहायला शिकवलं आणि आता भाचीला खोटं लिहू? क्षेम नाही. माझा हरेश दोन महिने अंथरुणात आहे. फोनवर बोलायची सोय नाही, कारण पलीकडच्या खोलीत तो जागाच असतो आणि सगळं ऐकू जातं. म्हणून हा कागद.

ताप नाही, दुखणं नाही. पण आंघोळीला चारदा सांगावं लागतं. पुढ्यातली भाकरी तशीच राहते. पहाटे साडेतीनला डोळे उघडतात आणि मग आढ्याकडे बघत पडतो. त्याच्या नर्सरीतली रोपं गवतात बुडाली, तिकडे फिरकत नाही. परवा म्हणाला, माझ्यामुळे तुम्हा सगळ्यांची मान खाली गेली. आता याने कुणाचं काय वाकडं केलं, मला तरी ठाऊक नाही.

शेजारची येसूबाई सांगते की हे बाहेरचं हाय, गारमाळीच्या भगताकडं न्या. आमचे हे, तुझे काका, म्हणतात, आळस आहे, लग्न लावून द्या की सुटेल. मला दोन्ही पटत नाही. अगं, आळशी कसा? सव्वीस जानेवारीला गावाने शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला तो याचाच ना? महिनाभर खपून गावचं तळं उपसून घेतलं, शाळा रंगवली, झोप म्हणजे काय ते पोराला ठाऊक नव्हतं. तो फोटो समोर भिंतीवर आहे आणि त्याच्याखाली हा असा पडलेला. बघवत नाही गं.

तुझा सध्या मनाच्या आजारांचाच अभ्यास चालू आहे असं दादाने, म्हणजे तुझ्या बाबांनी सांगितलं. तू एवढीशी होतीस तेव्हा बाहुलीचा ताप मोजायचीस. आता खरं मोज आणि कळव. तब्येतीला जप, डब्यातलं सगळं खात जा. आशीर्वाद आहेतच.

तुझी
नंदाआत्या


पुणे, वसतिगृह
९ ऑगस्ट २०२४

ती. नंदाआत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. आत्या, तू डॉक्टर व्हायला हवी होतीस. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांना रुग्णाबद्दल इतकं नेमकं लिहिता येणार नाही. झोप किती वाजता मोडते हे तू लिहिलंस, त्याचं मोल तुला माहीत नाही.

आमच्या डॉ. तस्लीम मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या की इथे स्टेथोस्कोप गळ्यातच राहील, कान मात्र झिजतील. त्यांचं आजोळ आपल्या कर्जतचं, त्यामुळे माझ्यावर जरा जास्तच हक्काने रागावतात. पण बाई अशी की समोरचा माणूस पाच मिनिटांत रडायचा थांबतो. त्यांनी शिकवलं की लक्षण एकच दिसतं, पण आजार वेगळे असतात. वॉर्डात चौघे जण न झोपणारे आहेत. एकाला उद्याची धास्ती झोपू देत नाही, छाती धडधडते, घाम फुटतो. ती चिंतेची व्याधी. एक बाई उठून उठून दाराची कडी तपासते, उगाच आहे हे तिलाही कळतं पण राहवत नाही, तो मंत्रचळ. एकाला कोणी नसताना आवाज ऐकू येतात आणि ते खरेच वाटतात. चौथ्याची फक्त दारू सुटली आहे. चौघांना एकच झोपेची गोळी देणारा डॉक्टर आपल्याला नको, असं मॅडम म्हणतात.

आता हरेशदादा. वाईट कुणालाही वाटतं, पण चहा-गप्पांनी ते थोडं तरी हलतं. इथे दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच गोडी नाही, भूक नाही, पहाटेची झोप जाते, आणि न केलेल्या गुन्ह्याचं ओझं वाटतं. हे नैराश्य आहे, आत्या. आळस नाही आणि बाहेरचंही नाही. आळशी माणसाला पडून बरं वाटतं, दादाला पडूनही बरं वाटत नाहीये.

पनवेलला मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्यांच्याकडे ने. थायरॉईडची तपासणी करून घ्या, कारण तो बिघडला तरी माणूस असाच मरगळतो. आणि एक अवघड काम तुझ्यावर टाकते. त्याला सरळ विचार की जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने ते डोक्यात येतं ही भीती खोटी आहे. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नकोस आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठ. हे तुझ्याशिवाय घरात कुणाला जमणार नाही.

काकांना नमस्कार. पाठीवर तुझा हात असू दे, परीक्षा जवळ आली आहे.

तुझी
रुचिता


॥ श्री ॥

खालापूर
२ सप्टेंबर २०२४

चि. रुचितास अ. उ. आ. वि. वि.

काय लिहू आणि किती लिहू! तुझं पत्र मी देवापुढे ठेवलं आहे.

आधी अवघड ते सांगते. तुझं पत्र वाचलं त्याच सकाळी त्याच्या उशाशी बसून विचारलं. तो रडला आणि हो म्हणाला. शिळफाट्याला पुलावर जाऊन उभा राहिला होता एकदा, मी दळण आणायला पाठवलं होतं त्या दिवशी. दळण घेऊन आला होता गं, मला काय कळणार? त्याच दुपारी दादाची गाडी मागवून पनवेल गाठलं. फवारणीची औषधं काकांनी कुलपात टाकली. दोन आठवडे मी त्याच्या खोलीत झोपले.

डॉक्टर शांत माणूस. थायरॉईड ठीक निघाला. याआधी कधी फार आनंदात, फार जोशात असायचा का, असंही त्यांनी खोदून विचारलं. मी सांगितलं की नाही हो, आजार असा कधीच नव्हता, उलट आमचा पोरगा म्हणजे हिरा. गोळी सुरू झाली.

आणि रुचिता, गोळीने कमाल केली! मागच्या गुरुवारपासून पोर उठून उभं राहिलं ते राहिलंच. तीनला उठतो. नर्सरीचं गवत दोन दिवसांत उपटलं. गणपतीला गावभर झाडं वाटायची म्हणतो, टेंपो ठरवून मोकळा झाला. काल डोंगरावर मुलांसाठी शिबिर काढायचा बेत आखला, आज पुढच्या वर्षी निवडणुकीला उभं राहायचा. बोलतो इतकं की मध्ये शब्द घालायला जागा नाही. काकांनी टोकलं तर ताट भिरकावलं, पण तेवढं चालायचंच, दोन महिन्यांचं तुंबलेलं आहे. येसूबाई म्हणाली की आता कसं आमचं जुनं पोर दिसाय लागलं. अगदी जानेवारीतला हरेश! माझा चांगला हरेश मला परत मिळाला.

तुझे पाय धरावेत असं वाटतं, पण तू लहान आहेस, म्हणून पुरणपोळ्या पाठवते. तुझ्या मॅडमनाही दे. सुखी राहा.

तुझी
नंदाआत्या


पुणे
५ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास शि. सा. न.

हे पत्र लिहून त्याचा फोटो बाबांच्या फोनवर पाठवते आहे. ते कर्जतहून निघाले आहेत, तासाभरात तुझ्या दारात असतील. हरेशदादासमोर वाचू नकोस. वाचून झालं की त्याला घेऊन बाबांबरोबर पनवेलला जा. आजच. डॉक्टरांना मी फोन केला आहे, ते वाट बघत आहेत. गोळी स्वतःहून कमीजास्त करू नका, ते सांगतील तसंच करा.

तुझं पत्र मी कौतुकाने मॅडमना वाचून दाखवलं. त्यांनी पोळीचा घास खाली ठेवला. त्यांनी विचारलं की गावाने सत्कार केला त्या महिन्यात हा मुलगा किती तास झोपत होता. मी सांगितलं, दोन-तीन. थकत होता का? नाही. बोलणं? भरधाव. राग? मध्ये येईल त्याच्यावर. आणि ते सगळं किती दिवस? महिनाभर. मला माझीच लाज वाटली.

आत्या, तो महिनाही आजारच होता. एकाच आजाराची दोन टोकं असतात. एका टोकाला माणूस अंथरुणाला खिळतो, दुसऱ्या टोकाला त्याला जमिनीवर पाय टेकवत नाही. वरचं टोक आधी येऊन गेलं असेल तर उदासीची गोळी एकटी द्यायची नसते, ती माणसाला पुन्हा वर उडवू शकते. तेच झालं आहे. डॉक्टरांनी बरोबर प्रश्न विचारला होता. तू खोटं बोलली नाहीस, तुला तो आजार दिसलाच नाही, कारण त्याच्या अंगावर शाल होती.

आणि तुला तरी कसा दिसणार? तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, झोप म्हणजे काय ते पोराला ठाऊक नव्हतं. मी शिकलेली, मी ते वाचून पुढे गेले. जानेवारीत त्याने पहाटे तीनला पाठवलेला तळ्याचा व्हिडिओ सगळ्या वसतिगृहाला दाखवणारी मीच होते. चूक माझी आधी, तुझी नंतर.

आज माझ्यावर रागव, पण त्याला ने. मी शनिवारी येते आहे.

तुझी
रुचिता


॥ श्री ॥

खालापूर
२० ऑक्टोबर २०२४

चि. रुचितास आ. वि. वि.

दीड महिना तुला लिहिलं नाही. राग होता म्हणून नाही लिहिलं, सरळ सांगते. तू गणपतीत आलीस तेव्हाही धड बोलले नाही.

हरेश बारा दिवस दवाखान्यात होता. जाताना दादाला आणि काकांना काय काय बोलला ते तू दादाकडून ऐकलंच असशील. आता लिथियमची गोळी चालू आहे, पाणी भरपूर प्यायचं आणि रक्तातलं प्रमाण तपासत राहायचं. पुलावरचा विचार आता येत नाही, हे तो स्वतःहून सांगतो. पोर वाचलं. हे मी रोज स्वतःला सांगते.

पण रुचिता, तू माझं काय नेलंस ते तुला कळायला हवं. आजारी हरेश नेलास त्याबद्दल जन्मभर ऋणी आहे. पण माझा सगळ्यांत गुणी, सगळ्यांत तरतरीत हरेशही तू आजारात मोजलास. आईला मुलाचं जे जे म्हणून कौतुक वाटलं ते डॉक्टरच्या कागदावर लक्षण म्हणून लिहिलेलं मी वाचलं. सत्काराचा फोटो मी काढून पेटीत ठेवला.

आता आणखी वाईट झालं आहे. परवा तो टीव्ही बघताना मोठ्याने हसला आणि मी आधी घड्याळाकडे पाहिलं, किती तास झोपला ते मोजायला. रात्री किती झोपला ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते. एक तास कमी झाला की जीव टांगणीला. चांगलं हसणं कोणतं आणि आजाराचं कोणतं, हे तुमच्या पुस्तकात असेल तर कळव. नसेल तर तुझ्या मॅडमना विचार. त्यांना पोळ्या आवडल्या म्हणालीस, पुन्हा पाठवेन.

तुझ्यावर रागावता येतं कारण तू माझी आहेस. एवढं ओळखून घे.

नंदाआत्या


खालापूर
१२ जानेवारी २०२५

भावी डॉक्टर रुचिता यांस, हरेशचा स. न. वि. वि.

माझ्याबद्दल एवढा पत्रव्यवहार झाला आणि मला एक पोस्टकार्डसुद्धा नाही! आईने सगळी पत्रं माझ्या हातात दिली. मीच मागितली. वाचूनही त्या रात्री झोपलो व्यवस्थित, काळजी नको.

तू नोव्हेंबरात आईला जे उत्तर लिहिलंस ते मला पटलं. एका हसण्यावरून काही ठरत नाही, झोप, बोलणं, राग, बेत सगळं मिळून काही दिवस बघायचं, आणि बघण्याचं काम माझ्यावरच अर्धं सोपवायचं. आता कॅलेंडरवर मीच लिहितो. आईला रोज दाखवतो. तिचा चेहरा तुला दिसायला हवा, पेपर तपासणाऱ्या बाई पुन्हा कामावर आल्यात.

खरं सांगू? ते दिवस मला आठवतात आणि हवेहवेसे वाटतात. डोक्यात एकाच वेळी दहा दिवे लागल्यासारखं असायचं. गोळीने हात थोडा थरथरतो, कलम बांधायला वेळ लागतो. कधी वाटतं की सोडून द्यावी. मग आईने माझ्या खोलीत घातलेलं अंथरूण आठवतं. तुझं काय, तुझ्याकडे पुस्तक होतं. या बाईने पुस्तकाशिवाय माझ्या उशाशी बसून तो प्रश्न विचारला. मी जिवंत आहे तो त्या प्रश्नामुळे. तिचं हे कौतुक तिच्यासमोर करता येत नाही, लगेच भांडी घासायला उठते, म्हणून तुला लिहितो.

सरपंच कमळ्याकाका आले होते. या सव्वीस जानेवारीला बी काहीतरी दणक्यात कर रं, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना सांगितलं की मागच्या वर्षी मी आजारी होतो. ते हसले. मी पुन्हा सांगितलं. मग ते हसले नाहीत, चहा पिऊन हळूच म्हणाले की त्यांच्या मेव्हण्यालाही असं होतं, डॉक्टर कोणत्या वारी बसतात? मंगळवार, शुक्रवार.

काल काय झालं ते सांगून संपवतो. सकाळी सहाला उठलो. अकरा रोपं विकली. दुपारी वरण-भात जेवलो, थोडा कंटाळा आला, संध्याकाळी मित्रांबरोबर एक डाव क्रिकेट खेळलो आणि शून्यावर बाद झालो. घरी येऊन हे सगळं आईला सांगितलं. ती पोळ्या लाटायची थांबून ऐकत राहिली, शून्यावर कसा बाद झालो ते दुसऱ्यांदा सांगायला लावलं, आणि मग एवढी हसली की बाबा बाहेरून बघायला आले. मीही हसलो. तिने घड्याळाकडे पाहिलं नाही.

अभ्यास कर. लोभ असू दे. कौतुक मात्र बेतानेच कर.

तुझा
हरेशदादा