आबा दुसऱ्यांदा गेले तेव्हा

प्रिय मुन-चल दादा,

धाकट्या बहिणीचा, यन-ओकचा, नमस्कार. पाय धरले असते, पण ते हल्ली कुठल्या देशात असतात हे गावात फक्त वर्तमानपत्राला ठाऊक असतं. तब्येत बरी असेलच. फोटोत चेहऱ्यावर अपचन दिसलं (बक्षीस घेताना तुझा चेहरा नेहमी तसाच होतो, म्हणून आईनं काळजी केली नाही). आईचंही बरं आहे. गुडघे आता आपले राहिले नाहीत म्हणते, बाकी सगळं तिचंच आहे, विशेषतः जीभ.

पत्राचं कारण असं की नवव्या महिन्याच्या अकराव्या तिथीला आबांचं वर्षश्राद्ध आहे. आबांपुढे ठेवायचा दारूचा पहिला पेला थोरल्या मुलानं भरायचा. आमचे हे तयार होते, पण आई म्हणाली, "जावई पेला अर्धाच भरतो, हे तुझ्या आबांना ठाऊक आहे." मागच्या वर्षी अंत्यविधीला तू नव्हतास. यंदाही नसलास तर पेला कोरडाच ठेवायचा, असं तिनं ठरवलंय, आणि तिनं एकदा ठरवलं की काय होतं हे तुला मी सांगायला नको.

तू कामात असणार हे समजतं. तुझं काम काय आहे, ते मात्र गावाला अजून समजलेलं नाही. पहिला सिनेमा तू मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवलास, त्यात एक माणूस एकोणीस मिनिटं जाळं विणत बसला होता. शेजारची ग्वाक काकू मधेच घरी जाऊन कपडे वाळत घालून आली, तर त्याचा तोच फास चालू! दुसऱ्यात आबा पाठमोरे बसून खोकले. सोलच्या एका समीक्षकाला त्या खोकल्यात दुभंगलेल्या देशाची वेदना ऐकू आली. आबांनी ते कात्रण डॉक्टरला नेऊन दाखवलं. डॉक्टर म्हणाला, सिगारेट सोडा. (सोडली नाही. देशाचा प्रश्न होता.)

मग तिसरा. सख्ख्या बापाला मेलेल्या माणसाचं काम दिलंस! दुसरा कुणी असता तर घराबाहेर काढलं असतं तुला, आणि आमचे आबा केस कापून आले. तुझ्या पेटीतला कोट घालून त्यांचा फोटो निघाला. काळी फीत लावलेला तो फोटो नंतर त्यांनी घरी टांगला. आई फीत काढायला गेली तर म्हणाले, राहू दे, शोभते. शूटिंगला खरं तर फोटो पुरेसा होता. पण कोण किती रडतं ते ऐकायचं म्हणून आबा घडीच्या पडद्यामागे, जिथं शवपेटी असायची, तिथं मांडी घालून बसले. थोरल्या मुलाच्या कामाला सोलचा नट आणून तू तोच प्रसंग सतरा वेळा घेतलास. नवव्या खेपेला ग्वाक काकूचं पाणी आटलं, आणि पडद्यामागून आवाज आला, "ए ग्वाक वहिनी! नवऱ्याच्या वेळी अंगण भिजवलंस, आणि माझ्या वाट्याला एवढंसं?" तू ओरडलास. पुढच्या प्रत्येक खेपेला बायका हसू दाबून बसल्या होत्या, त्यांचे खांदे गदगदत होते. तेच तू ठेवलंस, आणि परदेशात त्याला दुःखाचं बक्षीस मिळालं.

मागच्या वर्षी आबा खरोखर गेले. पडदा तोच, फोटो तोच, माणसंही बहुतेक तीच. कुणाला काही सांगावं लागलं नाही. दाराशी कोण बसणार, आईला कोण सावरणार, सगळं अकरा वर्षांपूर्वीच पाठ झालेलं. फक्त थोरल्या मुलाची जागा रिकामी होती. काकू म्हणाली, "त्या सोलच्या नटाला तरी बोलवा गं. सतरा वेळा न कंटाळता वाकला होता बिचारा." आणि मग तिनं गळा काढला. चांगला लांब, खरा. मधेच थांबली, आणि पडद्याकडे बघायला लागली. तिचं बघून दुसरी थांबली, तिसरी थांबली. खोली भरून माणसं, श्वास धरून, त्या पडद्याकडे बघत. मीसुद्धा. (बावन्न वर्षांची बाई मी. पेटी बंद होताना मीच जवळ उभी होते.)



शेवटी आईच पडद्याला म्हणाली, "बोला की." त्यानंतर जे रडणं झालं ते तुला सतराशे खेपांत मिळालं नसतं.

असो. तू मोठा माणूस आहेस, ये असं मी म्हणणार नाही. तिथी तेवढी कळवली.

तुझी बहीण,
यन-ओक

ता. क. – तू नव्हतास असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. अंत्ययात्रा बंदरावरून निघाली तेव्हा बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीशी काळ्या कोटात कोण उभं होतं, ते मी पाहिलंय. आम्ही डोंगराकडे वळेपर्यंत तू तिथंच होतास. जी जागा तू स्वतः नटाला नेमून दिलीस, तिथं येऊन उभं राहायला पाऊल उचललं नसेल, एवढं मला समजतं. माफ मात्र अजून केलेलं नाही. आईला यातलं काही माहीत नाही.

आणखी एक ता. क. – आईला पत्र वाचून दाखवलं (वरचा ता. क. गाळून). ती म्हणाली, "कारखान्यापाशी उभा होता, ते का नाही लिहिलंस?" तिनंही पाहिलं होतं! थंडीत उपाशी उभा असेल म्हणून काकूच्या हाती वाडगाभर रस्सा पाठवला होता. "सगळा संपवला पोरानं," म्हणाली, "वर्ष काढलं मी त्यावर." मी तडक काकूकडे गेले. काकू आधी उडवाउडवी करत होती, मग रडायला लागली. ती पोहोचली तोवर तू निघून गेला होतास. वारा बोचरा होता, रस्सा निवत होता, म्हणून तिनंच तो पिऊन टाकला, आणि रिकामा वाडगा बघून आईचा चेहरा असा उजळला, की तिला खरं सांगवेना.

तेव्हा ये. आईनं विचारलं तर सांग, रश्श्यातला मुळा छान शिजला होता, फक्त मीठ किंचित कमी होतं. काकूला तसं वाटलं होतं.