माझा अहंकार विरघळला

३ मार्च
आजपासून कोणावरही चिडायचं नाही. भ्रम आणणाऱ्या औषधांचा मेंदूवर काय परिणाम होतो, यात अर्धं आयुष्य घातलं. विभागप्रमुखपद आता माझंच. निवड महिनाअखेर. आज एका पेशंटला सेशनमध्ये विश्वाशी एकरूपता लाभली आणि तो माझ्या बुटांवर ओकला. शिसारी आली. चिडलो नाही. फक्त असिस्टंटला झापलं.

९ मार्च
नवा नियम. टीममधल्या प्रत्येकाने एकदा स्वतः गोळी घ्यायची. खरी की नुसती साखरेची, हे देणाऱ्यालाही कळणार नाही. बोललेलं सगळं रेकॉर्ड. माझी जुनी विद्यार्थिनी म्हणे घाबरली. तीही त्याच पदाच्या रांगेत आहे. धन्य. मी पहिला नंबर लावला.

१२ मार्च, संध्याकाळ
डोळ्यांवरच्या पट्टीला दुसऱ्याच्या घामाचा वास. कानात बासरी, तिचा मला तिटकारा. आणि मग मी उरलोच नाही. अहंकार पार विरघळला. नर्सचा हात धरून रडलो, बरंच बोललो. अहंकार किती गेला ते मोजायच्या प्रश्नावलीत सर्वाधिक गुण माझे. दिसेल त्याला सांगितलं.

१६ मार्च
निवड समितीने माझं रेकॉर्डिंग मागवून ऐकलं. समितीच्या प्रमुख डायरेक्टरबाईंना मी शिक्के मारायचं मशीन म्हणालोय. विद्यार्थिनीला माझ्या उष्ट्यावर जगणारी. पुढे नुसतं, खुर्ची माझी, खुर्ची माझी. स्वतःचाच आवाज ऐकवेना. पण शास्त्र धावून आलं. बाईंना समजावलं, औषधाने मेंदूचा लगाम सुटतो, त्यात माणसाचा दोष नसतो. डोस भारीच दिसतोय, बाई म्हणाल्या. मी म्हटलं, प्रचंड. वाचलो.

रात्री बायको म्हणाली, घरी तर तू गोळी न घेताच असं बोलतोस. हिला मेंदूतलं काय कळतंय.

३१ मार्च
कोणाला कुठली गोळी होती, ते आज सगळ्यांसमोर उघड केलं. विद्यार्थिनीला खरी. तिच्या रेकॉर्डिंगमध्ये ती दिवसभर लोकांचे आभार मानतेय, माझेसुद्धा. किळसवाणं.

मला साखर.

कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. बाईंनी शांतपणे विचारलं, मग सर, त्या दिवशी बोलत कोण होतं?

मीच, म्हणालो. म्हणताना स्वतःचीच घाण वाटली.

पद विद्यार्थिनीला मिळालं.