चार सालांची वाईन आणि नाकशास्त्र्यांचं नाक

तीर्थरूप मामा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवतो आणि लगेच मागे घेतो, कारण पुढचा मजकूर वाचल्यावर तो पाय कुठल्या दिशेने येईल हे सांगता येत नाही. मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुमचा रक्तदाब कसा आहे? (सकाळची गोळी राहिली असेल तर आधी घ्या.) आम्ही सगळे इकडे ठीक आहोत. निदान गेल्या महिन्यापर्यंत तरी होतो.

धाकट्या मावशीने तुम्हाला फोन केल्याचं कळलं. तिने जे पाहिलं ते अक्षरशः खरं आहे. गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता मी काचेच्या दाराआड बसलो होतो, समोर पेल्यांची रांग होती आणि मी बादलीत थुंकत होतो. फक्त तिने त्यातून काढलेला अर्थ चुकीचा आहे. मामा, पिणारा माणूस थुंकत नाही. थुंकतो तो नोकरी करणारा.

आता नोकरीबद्दल. छापखाना बंद पडल्यावर मी 'आयातीच्या व्यवसायात' शिरलो असं आईला सांगितलं होतं. 'कसली आयात?' या प्रश्नाला 'द्राक्षांची' असं उत्तर दिलं होतं. ते खोटं नव्हतं. द्राक्षंच होती, फक्त दोनचार वर्षांपूर्वीची आणि बाटलीत. आमचं दुकान फ्रान्सहून वाईन मागवतं. मी बाटल्यांवरच्या पट्ट्या लिहितो, गिऱ्हाइकांना पत्रं लिहितो आणि वर्षातून एकदा एक छोटी पुस्तिका तयार करतो. गेल्या तीनचार सालांची तांबडी आणि पांढरी वाईन एकमेकींशी ताडून पाहिली तर कुठलं साल कसं निघालं, हे त्या पुस्तिकेत असतं. (सोळाव्या वर्षी तुम्ही माझ्याकडून वहीच्या पानावर लिहून घेतलं होतं, 'मी मद्याला स्पर्श करणार नाही.' खाली तारीख, सही, आणि 'स्पर्श'मधला रफार तुम्ही लाल शाईने दुरुस्त केलेला. ते मी विसरलेलो नाही. म्हणूनच तर चूळ भरतो आणि थुंकतो.)

पुस्तिकेत लिहितो मी, पण बोलतात दुसरेच. त्यांना आम्ही सगळे नाकशास्त्री म्हणतो. वय एकाहत्तर, अंगाने काटकुळे, कोटाची सगळी बटणं कायम लावलेली. पस्तीस वर्षं ते या दुकानात वास घेत आहेत. पेला नाकाशी नेला की डोळे मिटायचे आणि सांगायचे, हे अमुक डोंगराच्या उतारावरचं, या साली तिथे पाऊस उशिरा आला. आणि ते बरोबर निघायचं. त्यांचा एकच कडक नियम होता. वास घ्यायच्या खोलीत कुणी अत्तर, सुगंधी तेल, फार काय वासाचा साबणसुद्धा लावून यायचं नाही. मला त्यांनी पहिल्याच दिवशी तोंड धुवायला परत पाठवलं होतं.

या हिवाळ्यात त्यांना जोराचा ताप आला. आठ दिवसांनी कामावर आले ते जरा गप्पगप्पच. मला वाटलं, अशक्तपणा असेल. मग एके दुपारी मी मागच्या खोलीत शिरलो तर पाणी तापवायच्या किटलीची वायर वितळून काळी पडली होती आणि जळक्या रबराची अशी घाण सुटली होती की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. नाकशास्त्री किटलीला पाठ करून, दोन हातांवर, शांतपणे वर्तमानपत्र वाचत होते. मी धावत जाऊन बटण बंद केलं.

"काय रे, काय झालं?" त्यांनी विचारलं.

मी वायरीकडे बोट दाखवलं. त्यांनी मागे वळून वायरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग वर्तमानपत्राची घडी घातली. "दार लाव," म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं ते तुम्हाला सांगतोय, आणि त्यांची परवानगी घेऊनच. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांची एक लोकरी शाल कपाटात आहे. रोज सकाळी कामावर निघताना हे कपाट उघडायचे, क्षणभर उभे राहायचे आणि बंद करायचे. तापातून उठल्यावर उघडलं तर काहीच नाही. त्यांना वाटलं, शालीतला वास उडाला, कपाट सारखं उघडून आपणच तो संपवला. तीन आठवडे ते स्वतःला दोष देत होते. मग एकदा दूध उतू जाऊन पातेलं कोळसा झालं आणि शेजारीण दार ठोठावत आली, तेव्हा त्यांना कळलं की शालीचं काही बिघडलेलं नाही. "मला इतकं बरं वाटलं," ते म्हणाले. "शेजारणीला कळेना, हा म्हातारा जळकं पातेलं हातात धरून हसतोय का. अरे, वास अजून तिथे आहे. माझं नाकच गेलंय."

मामा, मी वायर बदलली.

दुकानात त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आमच्या मालकीणबाईंच्या वडिलांनी त्यांना कामावर घेतलं होतं. ते काम नाकाचं होतं, आणि नाक नसलेल्या नाकशास्त्र्याने तिथे बसून काय करायचं? पुस्तिकेची चाचणी दोन महिन्यांवर आली होती. तेव्हा आम्ही दोघांनी एक उद्योग केला. (लबाडी म्हणा. मीही मनात तोच शब्द वापरत होतो.) बाटली ओतायची मी, बूच खराब नाही ना हे पाहायच्या निमित्ताने पहिला वास घ्यायचा मी, आणि जे जाणवेल ते समोरच्या वहीत लिहायचं. वही तर माझ्या हातात असतेच. ते तिरक्या नजरेने वाचणार, एक घोट तोंडात घोळवणार आणि बोलणार. जिभेला आंबट, तुरट, कडू एवढं अजून कळत होतं. बाकी सगळं काम नाकाचं असतं, हे मलाही तेव्हाच समजलं.

चाचणीला, मावशीने पाहिलं त्याच मंगळवारी, आम्ही चौघं होतो. बाई, नाकशास्त्री, मी, आणि एका मोठ्या हॉटेलचे व्यवस्थापक. हे गृहस्थ दरवर्षी येतात आणि प्रत्येक गोष्टीला 'अगदी बरोबर' म्हणतात. बाटल्या कागदात गुंडाळलेल्या, वर नुसते आकडे. कुठली कुठल्या सालची हे फक्त बाईंना ठाऊक. आधी चार पांढऱ्या, दोन हजार वीसपासून तेवीसपर्यंत. पहिल्या पेल्याला मी लिहिलं, 'ओली पाटी, नुकती पुसलेली.' नाकशास्त्र्यांनी घोट घेतला, आंबटपणा जिभेवर तोलला आणि म्हणाले, "एकवीस. त्या एप्रिलमध्ये तिकडे कडाक्याचं हीव पडलं. कोवळे कोंब गोठायला लागले, तेव्हा लोकांनी वेलींच्या रांगांमधून शेकोट्या पेटवल्या. पीक थोडंच हाती लागलं. पण बघा, किती नितळ उतरलंय." 'अगदी बरोबर,' व्यवस्थापक म्हणाले. दुसऱ्याला मी 'पिकलेलं पेअर, मध' लिहिलं, ते तापलेलं बाविसाचं निघालं. तिसऱ्याला 'सगळं आहे, जास्त काही नाही' असं लिहिलं (मला खरंच काही सुचेना), तर ते म्हणाले, भरघोस पिकाचं साल, तेवीस. बाईंनी कागद काढले, चारही बरोबर! मला तर वाटायला लागलं की मीच शास्त्री होणार.

तिथेच घात झाला. तांबड्या पाच होत्या, एक जास्तीची. दुसऱ्या पेल्याला मी 'नवी चामड्याची पिशवी, काळ्या फळांचा मुरंबा' लिहिलं आणि नाकशास्त्र्यांनी बावीस हे साल असं रंगवलं, ते कोरडं ऊन, ती छोटी जाड सालीची द्राक्षं, की व्यवस्थापकांनी आनंदाने माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या तोंडात तेव्हा घोट होता. मामा, तो गेला. प्रतिज्ञेचा भंग झाला, पण मागून धक्का बसल्यामुळे झाला, हे लक्षात घ्यावं. बावीस सालची तांबडी भारी अंगाची असते. पाचव्या पेल्यापर्यंत माझे कान गरम झाले होते आणि मी वहीत लिहिलं, 'आमचा छापखाना, बंद झाल्यावर एकदा दार उघडून पाहिला तेव्हासारखा.' नाकशास्त्र्यांनी ते वाचलं, पुन्हा एक घोट घेतला. मग हलक्या आवाजात म्हणाले, "हे विसाचं. स्थिरावलेलं. याला आता घाई नाही." व्यवस्थापक 'अगदी बरोबर' म्हणाले आणि खूश होऊन गेले.

ते गेल्यावर बाईंनी दार लावलं आणि तांबड्यांचे कागद काढले. दोन नंबर आणि पाच नंबर एकच होते. एकाच खोक्यातल्या दोन बाटल्या, दोन्ही बाविसाच्या.

माझ्या कानांतली उष्णता एकदम उतरली. मी म्हणालो, चूक माझी आहे. नाकशास्त्री उठून उभे राहिले, कोटाची बटणं तपासली (सगळी लावलेलीच होती) आणि म्हणाले, "याची नाही. मला हिवाळ्यापासून वास येत नाही, बाई. मी हे आधीच सांगायला हवं होतं."

"मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "दीड महिना मी रोज अर्धी बाटली अत्तर ओतून घेऊन या खोलीत येतेय. तुम्ही एकदाही ओरडला नाहीत." मग त्यांनी पाच नंबरचा पेला बाजूला सारला. "मला तुम्हाला पकडायचं नव्हतं, काका. तुम्ही स्वतःहून सांगाल, याची वाट पाहत होते."

(अत्तराचा दर्प मला येत होता, पण विचारलं तर नाकशास्त्र्यांचं बिंग फुटेल म्हणून मी गप्प होतो; दीड महिन्याची डोकेदुखी त्याचीच, हे मात्र त्या क्षणी कळलं. मी चष्म्याचा नंबर बदलून आलो होतो.)

दुसऱ्या दिवशी नाकशास्त्री आले नाहीत. तिसऱ्याही नाही. शनिवारी मी त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, खिडकीपाशी खुर्ची, खुर्चीवर ते, कोट घालून. जेवलात का, विचारलं तर म्हणाले, जेवतो, पण भिंत चाटल्यासारखं लागतं. मी बाईंचा निरोप सांगितला. पुस्तिका त्यांच्याशिवाय निघणार नाही. ते म्हणाले, आता माझ्यात राहिलंय काय? मी म्हणालो, काका, ओली पाटी हे दोन शब्द मी लिहिले, पण त्यावरून गोठलेले वेल आणि पेटलेल्या शेकोट्या मला दिसल्या नसत्या. ते कुठून आलं? 

तेव्हा ते बोलायला लागले. लोक विचारतात, चांगलं साल कुठलं? जणू एकच उत्तर असतं. जे ऊन तांबडीला बळ देतं, तेच पांढरीला जड करून टाकतं. ज्या हिवाने एकविसाची तांबडी किडकिडीत झाली, त्यानेच पांढरीला धार आली. साल तेच असतं, कुणावर आलं त्यावर सगळं ठरतं. आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझं हे साल कशाला मानवेल ते बघावं लागेल." मी ते लिहून घेणार होतो, पण वही आणली नव्हती. बरंच झालं.

पुस्तिका छापून झाली. प्रत्येक पानावर दोन मजकूर आहेत. वर सालाची हकिगत, ती त्यांची. खाली वास, तो माझा. पहिल्या पानावर बाईंनी स्पष्ट लिहिलंय की आमच्या शास्त्रीबुवांचं नाक सध्या आजारी आहे. त्यावर त्यांनी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी त्या ओळीतला एक स्वल्पविराम दुरुस्त केला. एका गिऱ्हाइकाचं पत्र आलंय की तुमच्या ओल्या पाटीला आमच्याकडे ओल्या कुत्र्याचा वास येतो. नाकशास्त्री ते पत्र खिशात घेऊन फिरतात आणि सगळ्यांना दाखवतात.

मामा, तुम्ही माझ्यावर रागावलात तरी हरकत नाही. पण मी काय करतो आणि कुणाबरोबर करतो, हे तुम्हाला मावशीकडून नव्हे, माझ्याकडून कळावं, एवढंच वाटलं. मामींना नमस्कार.

तुमचा,
भाचा

ता. क. आईला यातलं फक्त गुडघ्याबद्दलचं वाक्य वाचून दाखवावं.

ता. क. दुसरा. तुमच्या गावातल्या मोठ्या दवाखान्यात नाकाचे एक चांगले डॉक्टर आहेत. ते म्हणतात, रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, गुलाब असे ठरावीक वास नेटाने घेत राहिलं तर काही जणांचं नाक हळूहळू परत येतं. सगळ्यांचं येत नाही. ते शिकण्यासाठी आधी पंधरा दिवस तिथे राहावं लागेल. तुमची वरची खोली रिकामी आहे.

ता. क. तिसरा, आणि खरा. हे पत्र टपालाने आलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. ज्यांनी ते तुमच्या हातात दिलं ते कोट घातलेले गृहस्थ बहुधा अजून दारातच उभे असतील, कारण 'या' म्हटल्याशिवाय ते आत येत नाहीत. ही ओळ सगळ्यात वर लिहायला हवी होती. पण मग तुम्ही विचारलं असतं, करतात काय, आणि ते खरं सांगून मोकळे झाले असते. त्यांना आत घ्या, मामा. मामींनी वाढलेलं सगळं ते छान झालंय म्हणतील. त्यांना त्यातलं काहीही कळणार नाही. तरी रोज विचारा.